चेनगाईड घ्यायच्या आधी क्रँकखाली बघा

जुलैत माझ्या सायकलची चेन पडायला सुरुवात झाली आणि हा प्रकार पूर्ण थांबायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात चेनगाईड ह्या तळहाताएवढ्या वस्तूवर, म्हणजे चेन पडू नये म्हणून पुढच्या दातेरी चक्रावर लावायच्या पिंजऱ्यावर, मी एवढं वाचलंय की विचारू नका, आणि जे वाचलं ते सगळं असं की जणू वाचणाऱ्याच्या गॅरेजमध्ये पाच हजारांची टूलकिट आहे आणि कोपऱ्यावर माउंटन बाईकचं दुकान आहे. साताऱ्यात तसं काही नाही. इथं चांगले मेकॅनिक आहेत, पण त्यांच्याकडं येणाऱ्या शंभर सायकलीत नव्वद शाळेच्या पोरांच्या, त्यामुळं चेनगाईड म्हटलं की "चेनकव्हर का?" असं विचारतात. म्हणून जे जे झालं ते तारखा आणि पैशांसकट लिहून ठेवतोय.

आधी सायकल. पुण्याहून सेकंडहँड घेतलेली हार्डटेल आहे, ॲल्युमिनियम फ्रेम, पुढं सस्पेन्शन, मागं काही नाही. कंपनीनं दिली तेव्हा पुढं क्रँकला (पायडलच्या दांड्याला) तीन चेनव्हील, म्हणजे दातेरी चक्रं होती, 42-32-22 दातांची. आधीच्या मालकानं मोठं आणि छोटं काढून मधलं 32 चं ठेवलं, पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) काढून टाकला, मागं दहा स्पीडची कॅसेट, म्हणजे दहा चक्रांचा संच, आणि नवा डिरेलर टाकला, आणि "वन-बाय कन्व्हर्जन केलंय", म्हणजे पुढं एकच चेनव्हील, असं सांगून मला विकली. चालवायला भारी वाटायची. एक लिव्हर कमी, एक केबल कमी, हँडल मोकळं.

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत यायचं एवढंच करत होतो तोवर काही त्रास नव्हता. (रस्त्यानं हं, फुलांच्या पठारावर सायकल घालायची नसते.) पावसाळ्यात आम्ही दोघं-तिघं पाटेश्वरच्या डोंगराकडं जायला लागलो, देगावच्या अंगाला उतरणाऱ्या बैलगाडीच्या वाटा, दगड, पाण्यानं पडलेल्या घळी, आणि तिथं चेन पडायला लागली. चढावर कधीच नाही. उतारावर पायडल न मारता चाललोय, खडखड खडखड, खाली आलो, पायडल मारलं की पाय एकदम रिकामा जातो. उभं राहून मारलं असेल तर काय होतं ते सांगायला नको. एकदा टॉपट्यूबवर, म्हणजे वरच्या आडव्या नळीवर, असा आदळलो की पाच मिनिटं बांधावर बसून होतो आणि सोबतचे दोघं तोंड फिरवून हसत होते.

हे का होतं ते कळलं की पुढचा निम्मा गोंधळ संपतो. मागचा डिरेलर म्हणजे स्प्रिंगवर ताणलेला एक हात असतो, तो चेन ताठ ठेवतो. दगडावर मागचं चाक उडालं की तो हात पुढं झुलतो, क्षणभर चेन ढिली पडते, आणि वरची बाजू दोरीसारखी फटकारते. पायडल मारताना चेन चेनव्हीलवर वरच्या बाजूनंच चढते आणि खालून बाहेर पडते, त्यामुळं वरचीच बाजू हलली की ती दातावर न बसता शेजारी बसते, खेळ खलास. आणि माझ्या सायकलवर तर आणखी दोन गोष्टी होत्या. एक, तीनपैकी मधलं चेनव्हील हे मुळात चेन सोडून द्यायला बनवलेलं असतं, दात आखूड, कडेला उतार दिलेले, कारण त्यावरून चेन पटकन वर-खाली जावी हीच कंपनीची इच्छा. दोन, पुढच्या डिरेलरचा पिंजरा जाता-जाता चेनला दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचं काम करत असतो, आणि तोच काढून टाकलेला. थोडक्यात, कन्व्हर्जन अर्धवट होतं.

ऑगस्टमध्ये चाचांकडं गेलो. चाचा म्हणजे राजवाड्याच्या बाजूला तीसेक वर्षं सायकली दुरुस्त करणारे, त्यांनी चेनगाईड कधी बसवलेलं नाही पण चेन बघून सायकल कुठं कुठं फिरते ते सांगतात. त्यांनी आधी चेन हातात धरून बाजूला वाकवली आणि म्हणाले, "आवो ही चेन ऱ्हायलीय कुठं? आधी ही बदला, मग गाईडचं काय ते बघू." आणि बरोबर होतं ते. तुमच्याकडं चेन मोजायचं गेज नसेल तर स्टीलची पट्टी चालते. एका पिनेच्या मध्यापासून बारा इंच मोजा, नव्या चेनमध्ये बारा इंचावर बरोबर पिनेचा मध्य येतो. पिन एक षोडशांश इंच पुढं गेली असेल तर चेन बदलायच्या बेतात आलीय, एक अष्टमांश गेली तर चेनसोबत कॅसेटचाही खर्च धरा. माझी दोन्हीच्या मधे होती. दहा स्पीडची चेन 1,250 ला मिळाली. लांबीसुद्धा चुकीची होती, दोन कड्या जास्त. चेन पुढच्या चेनव्हीलवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावरून डिरेलर सोडून नुसती गुंडाळायची, जिथं टोकं भेटतात त्याच्यात दोन कड्या वाढवायच्या, ही माझ्यासारख्या हार्डटेलची लांबी. चेन लांब असली की ढिलाई आलीच.

त्याच आठवड्यात चेनव्हील बदललं. नॅरो-वाईड म्हणतात ते, एक दात जाड, एक बारीक, परत जाड, परत बारीक. चेनमध्ये आतली कडी अरुंद आणि बाहेरची रुंद अशीच आलटून पालटून असते, तर जाड दात रुंद कडीत घट्ट बसतो आणि चेनला बाजूला सरकायला जागा राहत नाही. स्रॅम कंपनीनं 2012 साली एक्सएक्स-वन हा पुढं एकच चेनव्हील असलेला गिअरसेट काढला तेव्हापासून हे प्रकरण जगभर पसरलं आणि बऱ्याच लोकांनी चेनगाईड काढून कपाटात टाकली. बसवताना जाड दात रुंद कडीतच येतोय ना ते बघावं लागतं, एक घर चुकलं तर चेन दातांवर तरंगत बसते.

कुठलं चेनव्हील बसेल हे ओळखायला चार बोल्टवाल्या क्रँकवर शेजारशेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यातलं अंतर मोजा. 73.5 मिलीमीटर आलं की 104 बीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास), सगळ्यात सहज मिळणारा साईज. मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, त्यामुळं व्हर्नियर हाताशी असतो, पण साध्या पट्टीनंही हे जमतं. एक मात्र आधी बघून घ्या. बऱ्याच स्वस्त सायकलींच्या क्रँकला चेनव्हील रिबिट मारून बसवलेली असतात, बोल्टच नसतात. तशी असली तर चेनव्हील बदलता येत नाही, अख्खी क्रँक बदलावी लागते आणि मग सगळं गणित वेगळं. चेनव्हील 950 ला पडलं, आणि आखूड बोल्ट 180 चे वेगळे, कारण आधीचे दोन चेनव्हील धरायचे म्हणून लांब होते, एकावर ते आवळलेच जात नाहीत. आधीच्या मालकानं मधे वायसर भरून भागवलं होतं.

इथं खरं तर बऱ्याच जणांचा विषय संपेल. नवी चेन, बरोबर लांबी, नॅरो-वाईड. यवतेश्वर, अजिंक्यतारा, कास, बामणोली असं डांबरीवर फिरणार असाल तर इथंच थांबा आणि उरलेल्या पैशात चांगले टायर घ्या. माझंही चेन पडणं नव्वद टक्के थांबलं. पण पाटेश्वरच्या उतारावर, मागं सगळ्यात छोट्या चक्रांवर असताना, अजून पडायची. कारण माझा मागचा डिरेलर शिमानोचा एम4120, त्याला क्लच नाही. क्लच म्हणजे त्या झुलणाऱ्या हाताला आतून घर्षणाचा ब्रेक, म्हणजे तो धक्क्यानं पुढं झुलत नाही. शिमानोच्या क्लचवाल्या डिरेलरला बहुतेक वेळा एक छोटी ऑन-ऑफ खिट्टी असते, तुमच्याला ती दिसली तर आधी ती ऑन आहे का बघा, चाक काढताना ऑफ करून तशीच राहिलेली असते आणि लोक गाईड शोधत बसतात. माझ्या शिफ्टरला चालणारा क्लचवाला म्हणजे एम5120, पुण्याच्या दुकानानं साडेपाच हजार सांगितले. तेवढ्यासाठी चालू स्थितीतला डिरेलर काढायचं जिवावर आलं.

म्हणून सप्टेंबर सगळा चेनगाईडच्या अभ्यासात गेला, गणपतीच्या मंडपात बसूनसुद्धा मोबाईलवर तेच. आणि इथं मला जी गोष्ट कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवी होती ती अशी, की कुठलं चेनगाईड चांगलं हा प्रश्नच नंतरचा आहे. तुमच्या फ्रेमला ते कुठं पकडता येईल हा पहिला प्रश्न. आणि त्याचं उत्तर दुकानात नाही, क्रँकखाली चिखलात आहे. बादली, जुना ब्रश, सायकल उलटी.

बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यात फिरते त्या भागाच्या) भोवती, चेनच्या बाजूला, फ्रेमलाच तीन कान आहेत का बघा, प्रत्येकात एक भोक. असले तर ते आयएससीजी, म्हणजे चेनगाईड बसवायचं ठरलेलं माप. त्यात एक जुनं आणि एक आयएससीजी-05, नव्याची भोकं थोडी लांब लांब असतात, दोन्ही एकमेकांना चालत नाहीत. हल्लीच्या फुल सस्पेन्शनवर आणि जरा दणकट हार्डटेलवर 05 असतं. तुम्हाला हे असेल तर नशीबवान, तिथं बसवलेलं गाईड हलत नाही. माझ्याला नव्हतं.

दुसरा प्रकार म्हणजे बीबी माउंट. गाईडची पाटी बॉटम ब्रॅकेटचा कप आणि फ्रेम यांच्यामधे चिमटून बसते. त्यासाठी बॉटम ब्रॅकेट आट्यांचा पाहिजे, प्रेसफिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवलेला असेल तर हा रस्ता बंद. बाहेर बेअरिंगवाला खाचाखाचांचा कप दिसत असेल तर साधारणपणे आट्यांचा. माझा तसाच, शेल (फ्रेमचं ते बसतं ते नळकांडं) 73 मिलीमीटर रुंद. शिमानोच्या अशा क्रँकला 73 च्या शेलवर चेनच्या बाजूला अडीच मिलीमीटरचा एक स्पेसर असतो, तो काढायचा आणि त्या जागी गाईडची पाटी घालायची, म्हणजे क्रँकचं माप बदलत नाही. 68 च्या शेलला चेनच्या बाजूला दोन आणि पलीकडं एक, त्यातला चेनच्या बाजूचा एक काढायचा. पण त्यासाठी क्रँक काढा, कप काढायचा पाना आणा, आणि चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेल्या माणसानं नळी लावून जोर केला तर आटे गेले, म्हणजे फ्रेमच गेली समजा.

तिसरा, डायरेक्ट माउंट, पुढच्या डिरेलरसाठी सीटट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) खालच्या भागात फ्रेमवरच बोल्टची जागा असते तिथं. माझ्याला नाही. आणि चौथा सगळ्यात साधा, सीटट्यूबला क्लॅम्प. जिथं पुढचा डिरेलर असतो तिथंच. ह्याला फक्त नळीचा व्यास लागतो आणि तो तीनपैकी एक असतो, 28.6, 31.8 किंवा 34.9. माझ्या नळीवर जुन्या डिरेलरच्या क्लॅम्पची रंगावर उमटलेली गोल खूण होती, तिथंच व्हर्नियर लावला, 35.1 आलं, रंगाची जाडी सोडून 34.9. दोन दिशांनी मोजा, काही फ्रेमची नळी खाली जाता जाता चपटी होते आणि मग क्लॅम्प धड बसत नाही.

किमतीचं सांगतो. ई-थर्टीन, वनअप, एमआरपी ह्या कंपन्यांची नावं सगळीकडं दिसतात, वस्तू चांगल्याच असणार, पण बाहेरून मागवायचं म्हणजे शिपिंग, वर कस्टम ड्युटी, कुरिअरला केवायसी म्हणून आधार नाहीतर पॅन अपलोड करा, आणि ड्युटी किती लागेल ते पार्सल दारात येईपर्यंत नक्की नाही. पुण्यातलं एक दुकान मागवून द्यायला तयार होतं, निम्मे पैसे आगाऊ आणि तीन ते चार आठवडे, एकूण सहा हजारांच्या घरात. म्हणजे क्लचवाल्या डिरेलरपेक्षा महाग! अलीएक्सप्रेस 2020 च्या नोव्हेंबरात भारतात बंद झालं, त्यामुळं चिनी मालाचा तोही सरळ रस्ता नाही. उरलं काय, तर तोच चिनी माल आपल्याकडच्या ऑनलाईन विक्रेत्यांकडून, आठशे ते पंधराशेच्या मधे. 22 सप्टेंबर 2025 ला सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी बारावरून पाचवर आला, मी मुद्दाम तोवर थांबलो. फरक पन्नास-साठ रुपयांचा, पण आपला स्वभाव.

दसऱ्यानंतर 4 ऑक्टोबरला ऑर्डर टाकली. 899, वर्णनात ठळक लिहिलेलं "सर्व फ्रेमना चालेल, क्लॅम्प अडॅप्टर सोबत", फोटोतही क्लॅम्प दिसत होता. 11 तारखेला पार्सल आलं, उघडलं तर तीन भोकांची आयएससीजी-05 ची पाटी, वरचा प्लास्टिकचा पिंजरा, तीन बोल्ट. क्लॅम्पचा पत्ता नाही. डबा उघडताना मी मोबाईलवर शूटिंग करून ठेवलेलं, ही सवय लावून घ्याच, पुढं तोच एक पुरावा कामाला आला.

रिटर्न त्याच दिवशी टाकला. विक्रेत्याचं म्हणणं, फक्त बदलून मिळेल, पैसे परत नाहीत. बदलून काय देणार, तर तेच. मग मेसेजची ढकलाढकली, आणि त्यात दिवाळी. पिकअपवाला येणार म्हणून दोनदा मेसेज आला, दोन्ही वेळा मी घरात, आणि संध्याकाळी पुढचा मेसेज, "ग्राहक उपलब्ध नसल्यामुळे पिकअप रद्द". भाऊबीज झाली तरी डबा सोफ्याखालीच. 27 ऑक्टोबरला, सोमवारी, 1915 ला फोन लावला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ऑर्डर नंबर, बिल, काय लिहिलं होतं आणि काय आलं एवढं त्यांनी विचारलं, तक्रारीचा नंबर दिला, आणि मी पोर्टलवर वर्णनाचा स्क्रीनशॉट अपलोड केला. (वर्णनाचा स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढून ठेवा, नंतर बदलतात. माझ्या बाबतीत "सोबत" हा शब्द गायब झाला होता.) हेल्पलाईन काही कोर्ट नाही, ते फक्त तक्रार कंपनीकडं पाठवून पाठपुरावा करतात, पण त्यानंतर पिकअपवाला दुसऱ्या दिवशी आला आणि 6 नोव्हेंबरला पैसे खात्यात. चिडचिड झाली ती झालीच. आठशे नव्व्याण्णव रुपयांसाठी किती डोकं लावायचं असं घरातलेही म्हणाले, पण तेवढ्यावर सोडून द्यायचं मनाला पटेना.

ह्या सगळ्या काळात सायकल उभी नव्हती, आणि त्याचं श्रेय चाचांना. त्यांच्या भंगाराच्या डब्यातून एक जुना पुढचा डिरेलर निघाला, 34.9 चाच, 150 रुपये. म्हणाले, "केबल नको नि काय नको, नुसता लावून ठिवतो." तो सीटट्यूबला लावला आणि दोन्ही लिमिट स्क्रू फिरवून पिंजरा चेनच्या बरोबर वर आणून अडकवला, पुढंही सरकायचा नाही, मागंही नाही. झालं चेनगाईड. ही युक्ती जगभर करतात असं मी नंतर वाचलं, पण चाचांनी काही वाचलेलं नव्हतं. चेन पडायची बंद झाली, खरंच. तक्रार एकच, की तो पिंजरा 42 दातांच्या गोलाईचा, 32 वर त्याचा बाक जुळत नाही, मागचं टोक चेनला घासतं, आणि मागच्या दोन मोठ्या आणि एका सगळ्यात छोट्या चक्रावर किरकिर किरकिर चालू राहते. यवतेश्वरचा अख्खा घाट ती किरकिर ऐकत चढायचं म्हणजे शेवटी आपणच आपल्यावर वैतागतो. तुमचे कान माझ्यापेक्षा सहनशील असतील तर दीडशे रुपयांत तुमचं काम झालं.

7 नोव्हेंबरला दुसरी ऑर्डर, ह्या वेळी सरळ "सीटट्यूब क्लॅम्प, 34.9" असं लिहिलेली, सोबत 31.8 साठी प्लास्टिकची रिंग. 1,249, आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे पन्नास जास्त दिले पण आधी पैसे भरले नाहीत. 28 ते 38 दातांपर्यंत चालेल असं लिहिलेलं. 14 ला आली, बरोबर आली.

16 तारखेला रविवारी बसवायला घेतली. क्लॅम्प बिजागरीचा असल्यामुळं क्रँक काढायची गरज नाही, चेनही तोडावी लागत नाही, पिंजऱ्याची बाहेरची बाजू एका बोल्टवर उघडते. आधी नळी पुसून कोरडी. क्लॅम्प बसवला, पिंजऱ्याची पाटी खाचेतून खाली सरकवली, सरकवली, आणि अडली. पिंजरा दातांच्या वर चांगला पाच मिलीमीटर. पाहिजे साधारण दोन. क्लॅम्प आणखी खाली न्यावा तर सीटट्यूब जिथं बॉटम ब्रॅकेटला जोडलीय तिथला वेल्डिंगचा फुगवटा आडवा येतोय, क्लॅम्पची कड त्याच्यावर चढली की तो तिरका बसतो, आणि तिरका क्लॅम्प आवळला तर पातळ नळीला पोचा येणार. कानस घेतली. पाटी ॲल्युमिनियमची, साडेतीन-चार मिलीमीटर जाड, तिच्यातली लांबट खाच वरच्या टोकाला गोल कानशीनं तीन मिलीमीटर वाढवली, म्हणजे पाटी तेवढी आणखी खाली उतरते. वीस मिनिटं. टोकाला मटेरियल किती उरतंय ते बघत बघत, कारण तिथं फार पातळ झालं तर पाटी तिथूनच तुटणार. माझ्याकडं सहा मिलीमीटर उरलं, भरपूर झालं.

मग आडवं माप. मागं सगळ्यात छोट्या चक्रावर गिअर टाकला, चेन बाहेरच्या बाजूला जाते, पिंजऱ्याची बाहेरची भिंत चेनपासून एक मिलीमीटर लांब पाहिजे. मग सगळ्यात मोठ्यावर टाकला, आता आतली भिंत बघायची. आत घासत होतं. सोबत आलेल्या पातळ वायसरांपैकी एक काढला, पिंजरा तेवढा आत सरकला, दोन्हीकडं उजेड दिसायला लागला. मागून खाली वाकून मोबाईलचा टॉर्च पलीकडं धरला की ही फट छान दिसते. क्रँक उलटी फिरवून ऐकायचं, मग सायकल मागून उचलून जमिनीवर दोन-चारदा आपटायची, मग परत ऐकायचं. दोन्ही बोल्टला निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा डिंक) लावलं. क्लॅम्पचा बोल्ट छोट्या ॲलन पान्यानं बोटांच्या जोरावर आवळला, अंगाचा जोर लावला नाही. केबल माझी वरच्या नळीखालून जाते म्हणून प्रश्न आला नाही, पण तुमची सीटट्यूबच्या मागून जात असेल तर क्लॅम्पखाली चिमटत नाही ना ते नीट बघा.

दुसऱ्या दिवशी चाचांना दाखवायला नेली. त्यांनी कानशीची खूण बघितली, पिंजऱ्यात बोट घालून हलवून बघितलं, आणि डब्यातला त्यांचा जुना डिरेलर परत मागितला. पैसे काही परत दिले नाहीत.

पाटेश्वरला त्यानंतरच्या पहिल्या फेरीत पिंजरा वाजला, चेन पडली नाही. क्लॅम्प किंचित फिरला होता. क्लॅम्पवाल्या गाईडचं हे दुखणं आहे, पहिल्या एक-दोन राईडनंतर परत आवळावंच लागतं. मी नळी आणि क्लॅम्पच्या मधे जुन्या ट्यूबची पातळ पट्टी घातली, तेव्हापासून जागचा हललेला नाही. डिसेंबरात दोन वेळा तोच उतार, तीच घळ, मुद्दाम छोट्या चक्रावर ठेवून उतरलो, काही नाही. ओल्या चिखलात कसं वागतंय ते पुढच्या पावसात कळेल, काळी माती पिंजऱ्यात भरून बसणार हे दिसतंयच, तेव्हा बाटलीतलं पाणी थोडं राखून ठेवावं लागेल.

हिशोब विचारणारे विचारतीलच. चेन 1,250, चेनव्हील 950, बोल्ट 180, जुना डिरेलर 150, चाचांची मजुरी सगळी मिळून 300, गाईड पन्नास धरून 1,299. एकूण 4,129. त्यात गाईडचे पैसे एक तृतीयांशही नाहीत, आणि चेन तर तशीही बदलायचीच होती. चेनव्हील आणि चेनशिवाय नुसतं गाईड लावलं असतं तर ते पिंजऱ्यात घासत घासत दोन महिन्यांत खाल्लं गेलं असतं असं माझं मत.

आमच्यातल्या एकानं गेल्या महिन्यात फुल सस्पेन्शन घेतली, जुनीच, कोल्हापूरहून. तिची सीटट्यूब बॉटम ब्रॅकेटपर्यंत पोचतच नाही, मधेच वळते, म्हणजे क्लॅम्पचा प्रश्नच नाही. क्रँकखाली ब्रश मारला तर तीन कान, 05 चे. त्याला मी परत केलेली तीच तीन भोकांची पाटी सुचवली, दुसऱ्या विक्रेत्याकडून 850 ला मिळतेय. येत्या रविवारी बसवायचीय, क्रँक काढावी लागणार आहे, तेव्हा पाना कुणाकडं असेल तर सांगा.